भरपाई कोणाच्या खिशात गेली?

नमस्कार, श्रोतेहो.

ब्रिटिश संसदेनं 1833 साली आपल्या बहुतेक वसाहतींमधली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. त्याच कायद्यात 2 कोटी पौंडांच्या भरपाईचीही तरतूद होती. ती मालकांसाठी! कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांच्या हाती छदामही पडला नाही. उलट उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ कामगार असल्याच्या, नावाखाली 1838 पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे फुकट राबावं लागलं.

आता सरकारी पैसा वाटायचा म्हणजे नोंदी आल्याच. मालक कोण, मळा कुठला, गुलाम किती, रक्कम पौंड-शिलिंग-पेन्समध्ये किती, हे सगळं लिहिलेली दप्तरं लंडनच्या क्यू भागात, राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभ्यासकांना ती माहीत होती. पण युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या इतिहासकार कॅथरीन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींची यादी बनवली आणि 2013 मध्ये ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुली केली. नाव टाका, गाव टाका, नोंद समोर. त्या यादीत फक्त बडे जमीनदार नाहीत. पाद्री आहेत, विधवा बायका आहेत, ज्यांनी उसाचा मळा कधी डोळ्यांनीही पाहिला नसेल अशी माणसं आहेत. तो पैसा पुढं कुठं गेला, रेल्वेत, बँकेत की बंगल्यात, याचाही माग या मंडळींनी जमेल तिथं काढलाय. मला विचाराल तर खरं काम ते.

संग्रहालयाचं काम वेगळं. लंडनच्या गोदी भागातलं संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ते एकेकाळचं साखरेचं गोदाम. तिथं 2007 मध्ये साखर आणि गुलामगिरीवरचं कायमचं दालन उघडलं. गंमत अशी की आत हा इतिहास मांडलेला असताना बाहेर मात्र रॉबर्ट मिलिगनचा पुतळा दिमाखात उभा होता. ही गोदी उभारण्यात पुढाकार घेणारा हा व्यापारी, आणि जमैकातल्या मळ्यांवर शेकडो गुलामांचा मालक. पुतळा हलला जून 2020 मध्ये, तोही बाहेर वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलनं पेटल्यावर.

भरपाईच्या त्या यादीची एक मोठी उणीव आहे. मालकाचं नाव, हुद्दा, पत्ता सगळं मिळतं. गुलामांचा मात्र नुसता आकडा. अर्थात दोष संशोधकांचा नाही, मुळातली दप्तरंच मालकांच्या सोयीनं लिहिलेली. म्हणून आता ही यादी सांभाळणाऱ्या, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधन केंद्राचा भर गुलाम म्हणून जगलेल्या माणसांची आयुष्यं शोधण्यावर आहे.

याच यादीत एक नाव आहे जॉन ग्लॅडस्टन. पुढं चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे हे वडील. 2508 माणसांच्या बदल्यात त्यांना 1 लाख 6 हजार पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. गुलाम हातचे जाणार हे दिसताच त्यांनी 1836 मध्ये कलकत्त्याच्या एका व्यापारी कंपनीला पत्र लिहून मजूर मागवले. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं सुमारे चारशे भारतीयांना घेऊन मे 1838 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या गयानाच्या किनाऱ्याला लागली. त्यांत छोटा नागपूरकडचे बरेच आदिवासी होते. गिरमिटाची, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरीची, वाट तिथं अशी सुरू झाली. 2023 मध्ये ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयानाला जाऊन माफी मागितली, ती गुलामगिरीबद्दल आणि या मजुरांबद्दलही.