ठराव १९७३ : एका मतदानाचा अभ्यास

[दृश्य : सुरक्षा परिषदेचं सभागृह. मतदानासाठी वर झालेले हात.]

१७ मार्च २०११, न्यूयॉर्क. लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांच्या फौजा बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराच्या रोखाने निघाल्या आहेत आणि सुरक्षा परिषदेत लिबियाविषयीचा ठराव १९७३ मतदानाला आला आहे. बाजूने १० मतं, विरोधात एकही नाही. ५ देश तटस्थ : रशिया, चीन, भारत, ब्राझील, जर्मनी.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर वर्गात हा ठराव विद्यार्थ्यांच्या हाती पडतो, तेव्हा पुढचं सगळं त्यांना ठाऊक असतं. नाटोचे हवाई हल्ले, ऑक्टोबरमध्ये गद्दाफींचा मृत्यू, त्यानंतरची यादवी. शेवट माहीत असला की तो आधीच ठरलेला होता, असं वाटायला लागतं. अलीकडच्या घडामोडी अभ्यासताना सर्वांत जास्त घात या समजुतीने होतो. म्हणून आधी मूळ मसुदा वाचायचा, तोही त्या दिवशी सभागृहातल्या लोकांना जेवढं माहीत होतं तेवढंच धरून.

[दृश्य : ठरावाचं चौथं कलम पडद्यावर.]

नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजायची मुभा. त्याच कलमात, लिबियाच्या भूमीवर परकी सैन्याचा ताबा नको, अशी अट. राजवट उलथवण्याबद्दल एक शब्दही नाही.

मग इतिवृत्त उघडायचं. जर्मनी नाटोचा सदस्य, तरी त्याच्या प्रतिनिधीने मोठ्या जीवितहानीची शक्यता बोलून दाखवली. ठरावातली विमानबंदी, म्हणजे लिबियाच्या आकाशात विमानं उडवायला मनाई, अमलात कशी आणणार, बळाचा वापर कुठवर करणार, या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत, असं रशिया म्हणाला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताचा अहवाल अजून हाती आलेला नाही, याकडे भारताने लक्ष वेधलं. तटस्थ राहणं म्हणजे अंग काढून घेणं, असं मानणाऱ्याने ही भाषणं जरूर वाचावीत.

पुढचा प्रश्न अधिक अवघड. ४ ऑक्टोबर २०११ रोजी सीरियाविषयीच्या ठरावावर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. रशियाने भाषणात लिबियाचा दाखला दिला. म्हणजे लिबियामुळे सीरियाचा ठराव पडला, असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण याच दोन देशांनी २००७ मध्ये म्यानमारच्या आणि २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या ठरावावरही नकाराधिकार वापरला होता. तेव्हा तर लिबिया समोर नव्हताच. शिवाय सीरियातल्या टार्टूस बंदरात रशियाचा नौदल तळ होता. देश तत्त्वांपेक्षा स्वतःच्या हितसंबंधांनुसार वागतात, असं मानणारा ‘वास्तववादी’ अभ्यासक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

[दृश्य : दोन मतदानांचे तक्ते शेजारी-शेजारी.]

दक्षिण आफ्रिकेकडे पाहिलं की मात्र पुन्हा थबकावं लागतं. तिचा सीरियात तळबिळ काही नाही. मार्चमध्ये तिने लिबियाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, ऑक्टोबरमध्ये ती तटस्थ राहिली, आणि लिबियात दिलेल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली, हे तिने उघड सांगितलं. लिबियाचा परिणाम झाला याला हा सगळ्यांत भक्कम पुरावा, असं मला वाटतं. तरीही २००७ मध्ये म्यानमारच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकाही होती. हे प्रबंधात लिहावंच लागतं, मग आपला युक्तिवाद थोडा ढिला पडला तरी चालेल.

सरकारी दप्तरं अनेक देशांत कित्येक दशकं बंद राहतात. तोवर हाताशी असतात ती इतिवृत्तं, मुलाखती, आत्मचरित्रं आणि संसदीय चौकशा. सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने अहवाल दिला : नागरिकांना असलेला धोका वाढवून सांगितला गेला, आणि मर्यादित कारवाई घसरत घसरत राजवट बदलण्यापर्यंत गेली. अहवाल मोलाचा आहे. पण तोही शेवट माहीत असलेल्यांनीच लिहिलेला आहे. बेनगाझीत त्या आठवड्यात राहणाऱ्यांना तो धोका केवढा वाटत होता, हे त्यांच्याकडूनच ऐकायचं तर अरबी यावी लागते. विषय मंजूर करण्याआधी चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला भाषेबद्दल विचारतो, ते याचसाठी.