इंजिन तेच, पंखा वेगळा

(दृश्य : हिडकल जलाशय. बोट कॅमेऱ्याकडे येते, नाक वर, मागे फेस.)

चाळीस हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन. बोटीत माणसं आणि माणसांच्या वजनाची वाळूची पोती. मूठ शेवटपर्यंत पिळलेली आहे, तरी नाक खाली येत नाही. बोट पाण्यावर चढतच नाही, पाणी ढकलत राहते. आवाज ऐका, दबलेला आहे. या ताकदीच्या बहुतेक इंजिनांनी पूर्ण वेगात ५,००० ते ६,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, गाठायला हवेत. इथे काटा ५,००० च्या खालीच अडकलाय.

अशा वेळी नदीकाठच्या गावांत एकच सल्ला मिळतो, मोठं इंजिन घ्या. आम्ही इंजिनला हात लावला नाही. मागचा, पाण्यात फिरणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढला आणि बेळगावला आणला.

(दृश्य : उद्यमबाग. शेडचं शटर वर जातं. कामाच्या टेबलावर पंखा.)

पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग. उद्यमबागेतल्या शेडमधून असला माल रोज बाहेर पडतो. बोटीचा पंखा मात्र इथे क्वचितच दिसतो, समुद्र घाटाखाली राहिला. तरी मिस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवला आणि थेट कडेवर बोट ठेवलं. पंपाचे इम्पेलर दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या माणसाला पाण्याचं पातं कसं वागतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पंख्याच्या मध्यभागी, हबवर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो, तितकं पिच. आमच्या पंख्याचं १३ आहे, म्हणजे पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात बोट १३ इंच पुढे गेली असती. पाणी तसं नाही, ते मागे सरकतं. त्या तुटीला स्लिप म्हणतात.

हिशोब सोपा आहे. समजा इंजिन ५,५०० फेरे मारतंय आणि गिअर २ ला १ आहे. पंख्याचे मिनिटाला २,७५० फेरे झाले. १३ पिचने कागदावर ताशी साधारण ५४ किलोमीटर निघतात, ११ पिचने ४६. मग १३ चांगला, असंच कुणालाही वाटेल.

मिस्त्री : "पिच वाढवलं की स्पीड वाढतंय म्हणून कोण सांगितलं वो तुम्हाला?"

सांगितलं होतं बऱ्याच जणांनी. पण कागदावरचे ५४ मिळायला इंजिनने आधी ५,५०० गाठायला हवेत, आणि भरलेल्या बोटीत १३ पिच त्याला तिथे पोचूच देत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये जीप दामटण्यातला हा प्रकार. पिच इंचाने कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणून पंखा निवडताना बोट किती पळायला हवी हा प्रश्न नंतरचा. रोजचं वजन घालून, पूर्ण मूठ पिळून, काटा कुठे थांबतो ते आधी बघायचं. हे न बघता पंखे विकणारे आणि विकत घेणारे दोघेही सारखेच.

(दृश्य : सरफेस प्लेट. मापाचा क्लोजअप.)

आता हे नीट बघा, चित्रीकरणाचा निम्मा वेळ आम्ही इथेच होतो. पंखा प्लेटवर पालथा ठेवलाय. मध्यापासून टोकाकडे सत्तर टक्के अंतरावर खडूने कमान काढली. त्या कमानीवर ३० अंशांच्या दोन खुणा. हाइट गेज पहिल्या खुणेला टेकवला, मग दुसऱ्या खुणेला. दोन्ही उंचींत फरक साडेसत्तावीस मिलिमीटर. ३० अंश म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग, म्हणून गुणिले १२. उत्तर ३३० मिलिमीटर, बरोबर १३ इंच. हेच माप तिन्ही पात्यांवर घ्यायचं. एक पातं जरी वेगळं निघालं तरी बोट थरथरते, आणि त्या थरथरीचं खापर बिचाऱ्या इंजिनवर फुटतं.

आपल्याला ११ हवंय, म्हणजे फरक साडेसत्तावीसवरून सव्वातेवीसवर आणायचा. पातं साच्याच्या ठोकळ्यावर बसवून थोडं थोडं ठोकत वळवायचं. ठोका, मोजा, पुन्हा ठोका. ॲल्युमिनियमला एक-दोन इंचांपलीकडे ओढत नाहीत, चीर जाते. या शेडमध्ये मापं इंचांत आणि मिलिमीटरमध्ये, बोलणं मराठीत आणि कानडीत, आणि घाई कुठल्याच भाषेत नाही.

(दृश्य : ग्राइंडर, ठिणग्या नाहीत, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी.)

पंख्याला कापून वेग मिळवायची गोष्ट जुनी आहे, आणि तिची सुरुवात एका अपघाताने झाली. १८३७ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ कालव्यात आपली छोटी बोट चालवून बघत होता. तिचा लाकडी स्क्रू पूर्ण दोन वेढ्यांचा होता. तो कशावर तरी आपटला, अर्धा तुटून गेला, आणि बोट जास्त जोरात पळू लागली. पाण्यात घासणारं जास्तीचं लाकूड गेलं होतं.

मिस्त्री पात्याची पुढची कड घासून पातळ करतायत, तेही याच कारणाने. मागच्या कडेला मात्र ते घासत नाहीत, ती किंचित आत वळवतात. याला कप म्हणतात. उजेडात धरल्याशिवाय दिसणारही नाही इतका तो बारीक असतो, पण त्याच्यामुळे पातं पाणी धरून ठेवतं. वळणावर किंवा इंजिन थोडं वर घेतल्यावर हवा ओढून पंखा मोकळा फिरू लागतो, तेही कमी होतं. कप दिला की आरपीएम थोडे उतरतात, त्यामुळे तो धरूनच पिच ठरवावं लागतं.

मग बॅलन्सिंग. पंखा दांड्यावर, दांडा दोन धारदार पट्ट्यांवर. जड पातं आपोआप खाली येतं. त्याच्या पाठीवरून कानस फिरवायची, पुन्हा सोडायचं. कुठेही थांबवला तरी पंखा तिथेच राहिला पाहिजे.

कड जितकी पातळ, तितकी ती दगडावर लवकर जाते, आणि कंपनीची गॅरंटी संपते ती वेगळीच.

(दृश्य : ऑगस्ट २०१९ चा पूर. चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतली मोबाइलवरची दृश्यं. निवेदन नाही.)

कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज. पावसाळ्यात हे बंधारे पाण्याखाली जातात आणि बोट हाच रस्ता होतो. या पाण्याखाली उसाचे फड असतात, कुंपणाच्या तारा, बाभळीच्या फांद्या. इथे स्टेनलेस स्टीलचा पंखा नको. स्टील पातळ ओतता येतं, वाकत नाही, मोकळ्या जलाशयात तेच जास्त पळतं. पण न वाकणारं पातं आपटलं की धक्का गिअरवर जातो. ॲल्युमिनियमचं पातं स्वतः वाकतं, आणि वाकलेलं पातं आर्गन वेल्डिंग करून, ठोकून पुन्हा उभं राहतं. कमी पिचचा चार पात्यांचा पंखा वरच्या वेगात थोडा मागे पडेल, पण माणसांनी भरलेली बोट तो लवकर उचलतो. फक्त रिकामी बोट नेताना मूठ पूर्ण पिळायची नाही, इंजिन मर्यादेच्या वर जातं.

(दृश्य : पुन्हा हिडकल. तेच इंजिन, तीच पोती, काट्याचा क्लोजअप.)

नाक वर गेलं आणि खाली आलं. बोट पाण्यावर चढली. काटा ५,००० ओलांडून पुढे गेला. एका पोत्याचंही वजन कमी केलेलं नाही.

पंखा बसवताना वॉशरचा क्रम चुकवू नका, दांड्याला ग्रीस लावा, स्प्लिट पिन जुनी वाकवून घालू नका, नवीच घाला. आणि पंखा ठोकून न घेता कमी पिचचा दुसरा घेतलात, तर काढलेला १३ चा मोडीत देऊ नका. पूर ओसरल्यावर रिकाम्या बोटीला तोच लागतो.