कडी नसलेला डबा : एचआयव्हीची औषधे काम कशी करतात

श्रोतेहो, वणीकडून इथे येताना कोळशाची मालगाडी जाईपर्यंत फाटकावर थांबावे लागले. आजचा विषय त्या गाडीच्याच आधाराने सांगतो.

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएत असतो आणि आपल्या पेशींचा डीएनएत. आपल्या पेशीत कायमचे ठाण मांडण्यासाठी हा विषाणू आरएनएवरून डीएनए तयार करतो. ते काम त्याचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) करते, ज्याचा शोध १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे लावला.

डीएनएची साखळी म्हणजे डब्यामागे डबा. प्रत्येक डब्याच्या मागच्या टोकाला हायड्रॉक्सिल गटाची कडी असते आणि तिलाच पुढचा डबा अडकतो. १९८७ साली मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध दिसायला खऱ्या डब्यासारखेच आहे, मात्र त्या कडीच्या जागी अझाइड गट आहे; विकर फसते, तो डबा जोडते आणि साखळी तिथेच खुंटते. आज सरकारी केंद्रांवर मिळणाऱ्या गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन याच रीतीने काम करतात. मला यात सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की ही औषधे अर्धवट अवस्थेतच पेशीत शिरतात आणि त्यांना फॉस्फेट जोडून कामाला लायक बनवते ती आपलीच पेशी.

आपली स्वतःची विकरे सहसा असा खोटा डबा ओळखतात. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियातील) विकर काही औषधांना फसते. पूर्वी स्टॅव्हुडिन घेणाऱ्यांचे गाल बसत, पायांना मुंग्या येत, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते औषध बंद झाले, हे योग्यच झाले.

नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ यांची तऱ्हा निराळी. अडकित्त्याच्या खिळीपाशी खडा अडकला, तर पाते शाबूत असूनही सुपारी कातरता येत नाही. तशी ही औषधे कामाच्या जागेलगतच्या खोबणीत बसून विकराची हालचाल अडवतात.

आता गोळ्या चुकण्याविषयी. हे विकर नक्कल करताना चुका करते आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. औषध रक्तात कमी पडले की नकला पुन्हा सुरू होतात, आणि उरलेल्या थोड्या औषधाला दाद न देणारी नक्कल त्यांतून निवडली जाऊन वाढते. विकराच्या १०३ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ दोन्ही निकामी होतात. शिवाय डीएनएत आधीच शिरलेली नक्कल यांतले कोणतेही औषध बाहेर काढू शकत नाही, म्हणून अंगाला बरे वाटू लागल्यावरही गोळी रोजच घ्यावी लागते. कापूस वेचणीसाठी परजिल्ह्यात जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच केंद्रावर तसे सांगून पुढच्या गोळ्यांची सोय करून घ्यावी.