म्हाताऱ्या नदीला जाब विचारणारा गायक

नमस्कार श्रोतेहो. भूपेन हजारिकांचा आवाज आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी पडला तो १९९३च्या ‘रुदाली’मुळे. तोवर त्यांनी पासष्टी ओलांडली होती आणि आसामात त्यांची गाणी घराघरांत पोचलेली होती. आपणच जरा उशिरा आलो, म्हणा ना!

जन्म १९२६चा, आसामच्या पूर्व टोकाला, सदियाचा. तेजपूरला असताना हा गाणारा मुलगा ज्योतिप्रसाद अगरवाला आणि बिष्णुप्रसाद राभा या नामवंत आसामी कलावंतांच्या नजरेत भरला. १९३९च्या ‘इंद्रमालती’ या आसामी चित्रपटात तो गायलाही. शिकायला मात्र त्यानं राज्यशास्त्र घेतलं. बनारसला एम.ए. केलं आणि मग थेट न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ गाठलं.

तिथं त्यांची गाठ पडली पॉल रॉब्सनशी. हा कृष्णवर्णीय गायक हक्कांसाठी उघड बोलायचा, म्हणून १९५०मध्ये अमेरिकन सरकारनं त्याचा पासपोर्टच रद्द केला होता. मिसिसिपी नदीवरचं त्याचं एक गाणं जगभर गाजलं होतं. काठावरची माणसं ओझी वाहून पिचतात, नदी आपली वाहत राहते, असं ते गाणं.

भूपेनदांनी ते मनात घोळवलं आणि ब्रह्मपुत्रेवर स्वतःचं गाणं लिहिलं. आसामी माणूस तिला लुईत म्हणतो. मला वाटतं, त्यांची खरी प्रतिभा इथं दिसते. रॉब्सनच्या गाण्यात माणूस नदीकडे हताशपणे पाहतो; भूपेनदांच्या गाण्यात तो तिला जाब विचारतो. दोन्ही तीरांवर एवढा आक्रोश चाललाय, आणि म्हाताऱ्या लुईता, तू वाहतोस तरी कशाला? पुढे बंगाली आणि हिंदीत हाच सवाल गंगेला केला गेला.

अशी गाणी लिहिणारा माणूस मैफलीपुरता कसा राहील? १९६७मध्ये ते अपक्ष म्हणून आसाम विधानसभेवर निवडून गेले. ‘चमेली मेमसाब’ या आसामी चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९९२चा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. भारतरत्न जाहीर झालं २०१९मध्ये; ते गेले २०११ साली, मुंबईत.

आणि हो, ‘रुदाली’तलं ‘दिल हूम हूम करे’ आवडत असेल, तर त्याचं आसामी मूळ जरूर ऐका. हिंदी शब्द गुलजारांचे, पण चाल भूपेनदांनी कितीतरी आधी ‘मणिराम देवान’ या आसामी चित्रपटासाठी बांधली होती. भाषा कळली नाही तरी बिघडत नाही.