पिठाच्या धुळीनं उडालेली गिरणी

नमस्कार मंडळी. पिल्सबरी आट्याचं पाकीट दुकानात बघितलंच असेल. ते नाव मूळचं अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं, मिसिसिपी नदीवरच्या सेंट अँथनी धबधब्याकाठचं. पण आज बोलायचंय ते त्याच्या समोरच्या काठावरच्या गिरणीबद्दल, वॉशबर्न ए मिल, जिचे आता अवशेषच उरलेत.

१८७४ मध्ये कॅडवॉलडर वॉशबर्न यांनी ती बांधली. नदीचं पाणी कालव्यानं आणायचं, खाली टर्बाइनवर सोडायचं, त्यावर वरची जाती फिरायची. तिथला गहू कडक, कोंडा पिठात मिसळायचा, म्हणून हवेच्या झोतानं कोंडा उडवणारी नवी मशीन्स बसवली, पीठ पांढरंशुभ्र निघायला लागलं, भावही चांगला, पण तेवढीच धूळ गिरणीभर तरंगायला लागली. आपल्या गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात ना, तीच धूळ. ढिगातलं पीठ सहसा नीट पेटतही नाही, हवेत उडालं की मात्र कणाकणाला हवा मिळते आणि सगळं एकदम जळतं, बंद जागेत तर स्फोटच!

२ मे १८७८ च्या संध्याकाळी तेच झालं. दाणा संपून कोरड्या फिरणाऱ्या जात्यांची ठिणगी पडली, अख्खी गिरणी उडाली, शेजारच्या गिरण्याही गेल्या, १८ कामगार मेले. दिवसपाळी सुटली होती म्हणून, नाहीतर काय झालं असतं विचार करा. पुढं मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी पीठ हवेत उडवून, पेटवून दाखवलं की दोष धुळीचाच, मग धूळ खेचून घेणारी यंत्रं आली. मला विचाराल तर या गिरणीचा खरा इतिहास हाच, बाकीचं नंतर.

१८८० ला ती पुन्हा उभी राहिली, त्याच वर्षी सिनसिनाटीच्या प्रदर्शनात कंपनीच्या पिठाला सुवर्णपदक, म्हणून ब्रँड गोल्ड मेडल. ऐन भरात दिवसाला रेल्वेचे १०० डबे गहू दळला जायचा. १९२८ मध्ये कंपनीची जनरल मिल्स झाली, २००१ मध्ये तिनं समोरच्या पिल्सबरीलाही विकत घेतलं. गिरणी मात्र १९६५ मध्येच बंद पडलेली, १९९१ ला आगीत जळाली. उरलेल्या भिंती पाडल्या नाहीत हे फार चांगलं केलं, २००३ पासून तिथं मिल सिटी म्युझियम आहे.

मिनेसोटात तुमचं कुणी असेल तर त्यांना जायला सांगा, आणि लेकवुड स्मशानभूमीतही, तिथं त्या १८ जणांची नावं कोरलेलं स्मारक आहे.