व्हेरिटी लॅम्बर्ट : कालयंत्राची निर्माती

नमस्कार श्रोतेहो.

दूरचित्रवाणीवरची एखादी विज्ञानकथा आवडली, की आपण नटाचं नाव घेतो, फार तर लेखकाचं. निर्मात्याचं नाव शेवटच्या पाट्यांमध्ये येतं आणि तोवर आपण उठलेलो असतो. आज मी अशाच एका निर्मातीविषयी बोलणार आहे. व्हेरिटी लॅम्बर्ट. बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या त्या पहिल्या निर्मात्या. 'डॉक्टर' म्हणवणारा एक गूढ प्रवासी आपल्या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो, अशी ती मालिका. त्या मालिकेतली एकही ओळ त्यांनी लिहिलेली नाही, एकही यंत्र कागदावर रेखाटलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर तर त्या कधी आल्याच नाहीत. तरी माझं ठाम मत आहे की लॅम्बर्ट नसत्या, तर ती मालिका वर्षभरही टिकली नसती. कशामुळे, ते सांगतो.

लॅम्बर्ट यांचा जन्म लंडनचा, १९३५ सालचा. वडील हिशेबनीस. शाळेनंतर एक वर्ष त्या पॅरिसला शिकल्या आणि परत आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती एका हॉटेलात, जेवणाची यादी टाइप करण्याची. तिथून एका दूरचित्रवाणी कंपनीच्या प्रसिद्धी विभागात सेक्रेटरी. सहा महिन्यांत ती नोकरी गेली. मग एबीसी या दुसऱ्या कंपनीत लघुलेखन आणि टंकलेखन. त्या काळात दूरचित्रवाणीत शिरणाऱ्या बहुतेक मुलींची वाट टाइपरायटरपाशी सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. लॅम्बर्ट मात्र नाट्यविभागात निर्मिती साहाय्यक झाल्या. 'आर्मचेअर थिएटर' ही तिथली नावाजलेली नाट्यमाला. तिचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, कॅनडाहून आलेले, स्वभावाने तापट आणि नव्या गोष्टींचे भुकेले.

३० नोव्हेंबर १९५८ च्या रात्री या मालेत 'अंडरग्राउंड' नावाचं नाटक थेट प्रक्षेपित होत होतं. लंडनवर अणुबॉम्ब पडलाय आणि भुयारी रेल्वेत काही माणसं अडकलीयत, असं कथानक. थेट म्हणजे अगदी थेट. नट बोलतोय आणि त्याच क्षणी देशभरातली घरं ते बघतायत. गॅरेथ जोन्स नावाचा तरुण नट आपला प्रवेश आटोपून पुढच्या प्रवेशाच्या तयारीला गेला आणि तिथेच हृदयविकाराने कोसळला. त्याचा मृत्यू झाला. नाटक थांबवण्याची सोय नव्हती. दिग्दर्शक टेड कॉचेफ नियंत्रण कक्ष सोडून खाली स्टुडिओत धावले, त्या पात्राशिवाय पुढचे प्रवेश कसे निभवायचे ते नटांना सांगायला. आणि वर, कोणता कॅमेरा कधी घ्यायचा हे सांगत प्रक्षेपण पुढे चालू ठेवलं ते तेवीस वर्षांच्या निर्मिती साहाय्यक व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी.

हा प्रसंग मी मुद्दाम थोडा लांबवला. पाच वर्षांनी न्यूमन यांनी ज्या बाईंना एक अवघड काम दिलं, त्या कोण होत्या, हे यावरून कळतं.

मधल्या काळात त्या न्यूयॉर्कला जाऊन आल्या. डेव्हिड सस्किंड या तिथल्या मोठ्या निर्मात्याच्या हाताखाली वर्षभर काम केलं, परतल्या, तर इथे पुन्हा तीच साहाय्यकाची खुर्ची. वर्षभरात बढती मिळाली नाही तर हे क्षेत्रच सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. शनिवारी संध्याकाळी खेळाचा कार्यक्रम संपतो आणि तरुणांचा संगीताचा कार्यक्रम लागतो, त्या दोहोंच्या मधल्या वेळेत सगळं घर एकत्र बघेल अशी एक विज्ञानमालिका त्यांना हवी होती. आधी विचारलेल्या काहींनी नकार दिला. मग त्यांना लॅम्बर्ट आठवल्या. जून १९६३ मध्ये त्या बीबीसीत रुजू झाल्या. वय सत्तावीस. बीबीसीतल्या सर्वांत तरुण निर्मात्या आणि त्या वेळी नाट्यविभागात निर्मातीच्या खुर्चीवर बसलेल्या एकमेव स्त्री. पहिल्या कथेचे दिग्दर्शक म्हणून त्यांच्या जोडीला आले वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय चोवीस. तिथल्या मुरलेल्या मंडळींनी या जोडीकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता हाती काय होतं ते ऐका. एका भागासाठी सुमारे २,३०० पौंड. लाइम ग्रोव्हचा 'डी' स्टुडिओ, जुन्या सिनेमा कंपनीच्या इमारतीतला, अरुंद आणि दिव्यांनी तापणारा. पंचवीस मिनिटांचा भाग आठवडाभर तालीम करून शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ सलग चित्रित करायचा, कारण चित्रफीत प्रत्यक्ष कापून जोडावी लागे आणि ती महाग पडे. आणि एवढ्यात दाखवायचं काय, तर अश्मयुग, परग्रह, काळातून जाणारं यान! ते यान आपलं रूप बदलू शकतं, पण बिघाड झाल्यामुळे रस्त्यावरच्या पोलीस चौकीच्या निळ्या खोक्याच्या रूपातच अडकून पडलंय, ही युक्ती अशाच टंचाईत शोभते. दर आठवड्याला नवं यान उभारायला पैसे नव्हतेच.

पण श्रोतेहो, आपण रेडिओवर आहोत, म्हणून आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलू द्या. डोळ्यांना पटवायला पैसे नाहीत, तर कानांना पटवा, हे या मालिकेत जितकं नीट साधलं तितकं त्या काळात क्वचितच कुठे साधलं असेल. शीर्षकसंगीतासाठी लॅम्बर्ट यांच्या मनात एक फ्रेंच वाद्यवृंद होता, काचेच्या आणि धातूच्या वाद्यांचा. ते जमलं नाही. मग त्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपकडे वळल्या. हे वर्कशॉप १९५८ साली सुरू झालं तेच मुळात रेडिओ नाटकांना नवे ध्वनी हवे होते म्हणून. रॉन ग्रेनर यांनी चाल लिहिली आणि डेलिया डर्बिशर यांनी ती ध्वनिफितीवर घडवली. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, फितीचा वेग बदलून त्याची उंची ठरवायची, तुकडा कापायचा, पुढच्याला चिकटवायचा. ते ऐकून ग्रेनर इतके थक्क झाले की श्रेय दोघांचं असावं असं त्यांनी सुचवलं, पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत असा संस्थेचा नियम होता. मालिकेच्या पाट्यांमध्ये डर्बिशर यांचं नाव यायला २०१३ साल उजाडलं. त्याची मला आजही हळहळ वाटते. यान सुरू होतानाची ती घरघर ब्रायन हॉजसन यांची. जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली ओढून त्यांनी ती मिळवली.

म्हाताऱ्या डॉक्टरच्या भूमिकेसाठी लॅम्बर्ट यांनी विल्यम हार्टनेल यांना निवडलं. ते प्रसिद्ध होते दरडावणाऱ्या लष्करी भूमिकांसाठी. त्याच त्या साच्याला कंटाळलेल्या या नटात काही हळवंही आहे, हे लॅम्बर्ट आणि हुसेन यांनी ओळखलं आणि त्यांचं मन वळवलं.

सप्टेंबरच्या अखेरीला पहिला भाग चित्रित झाला. न्यूमन यांना तो आवडला नाही. यानाचे दरवाजे धड लागत नव्हते, डॉक्टर फारच तुसडा वाटत होता. त्यांनी सांगितलं, पुन्हा करा. ऑक्टोबरमध्ये तोच भाग नव्याने चित्रित झाला. वरिष्ठांचा खर्चावरून काच होताच, आणि मंजुरी मिळाली ती १३ भागांपुरती. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी, तो प्रक्षेपित झाला. आदल्या दिवशी अमेरिकेत केनेडी यांची हत्या झाली होती. जग त्या बातमीत बुडालेलं. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला.

खरी झुंज पुढेच होती. दुसऱ्या कथेची संहिता टेरी नेशन यांची, तिच्यात डॅलेक नावाचे जीव. न्यूमन यांची सक्त ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत. मुलांना इतिहास आणि विज्ञान कळावं, म्हणून तर प्रमुख पात्रांत दोन शिक्षक घातले होते. मालिका विभागाचे प्रमुख डोनाल्ड विल्सन यांनी संहिता वाचली आणि हे करू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. लॅम्बर्ट आणि कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांचं उत्तर होतं, दुसरी संहिता तयार नाही. हे खरंच होतं. पण लॅम्बर्ट यांनी केवळ अडचण पुढे केली नाही, त्यांना ती कथा पटलेली होती. त्यांचं म्हणणं असं की हे राक्षस नव्हेतच. युद्धातल्या किरणोत्सर्गाने ज्यांची शरीरं नासली आणि ज्यांनी स्वतःला यंत्राच्या कवचात बंद करून घेतलं, असे हे एके काळचे माणसांसारखेच जीव. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम अठरा वर्षं झाली होती. ही कथा मुलांना सांगण्यासारखी आहे की नाही?

मला वाटतं, निर्मातीची कसोटी इथे लागली. मोडता घालणारे दोघेही तिच्याहून वरचे, त्यातल्या एकाने तर तिला नोकरीत आणलेलं. तरी ती आपल्या वाचनावर ठाम राहिली.

कवचाचा आराखडा रेमंड क्युसिक यांनी केला. आत बसलेल्या माणसाचे पाय दिसू नयेत आणि तो जमिनीवरून सरकत गेल्यासारखा वाटावा, हे त्यात साधलं. आवाज ध्वनियंत्रातून वेडावाकडा केलेला, तुटक, धातूचा. २१ डिसेंबर १९६३ ला ही कथा सुरू झाली. सात भागांची. फेब्रुवारीत ती संपेपर्यंत प्रेक्षकसंख्या १ कोटीच्या पुढे गेली होती आणि शाळांच्या आवारात पोरं हात पुढे करून डॅलेक बनून फिरत होती. विल्सन यांनी मोकळेपणाने कबूल केलं की ही मालिका लॅम्बर्ट यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. क्युसिक मात्र पगारी नोकर असल्यामुळे डॅलेकच्या हक्कांत त्यांना वाटा मिळाला नाही.

१९६५ मध्ये लॅम्बर्ट यांनी मालिका सोडली. त्या पुढच्या चाळीस वर्षांचं सगळं सांगायला आज वेळ नाही. थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्यविभागाच्या त्या प्रमुख झाल्या, मग युस्टन फिल्म्सची धुराही त्यांच्याकडे आली. 'रम्पोल ऑफ द बेली', 'मायंडर', 'विडोज' या गाजलेल्या मालिका त्यांच्या कारकिर्दीतल्या. १९७९ मध्ये युस्टनने 'क्वाटरमास'ची नवी मालिका केली, म्हणजे विज्ञानकथा त्यांच्याकडे पुन्हा आलीच. १९८५ मध्ये त्यांनी 'सिनेमा व्हेरिटी' ही स्वतःची कंपनी काढली. सगळंच चाललं असं नाही. 'एल्डोराडो' ही आठवड्यातून तीनदा लागणारी महागडी मालिका वर्षभरात गुंडाळावी लागली. त्यानंतरही 'जोनाथन क्रीक'सारखी मालिका त्यांनी अनेक वर्षं सांभाळली. २२ नोव्हेंबर २००७ रोजी त्यांचं निधन झालं.

आणि एक सुचवतो. पहिल्या भागाची दोन्ही रूपं आज उपलब्ध आहेत, न्यूमन यांनी नाकारलेलं आणि प्रक्षेपित झालेलं. बीबीसीने त्या काळातल्या कितीतरी फिती पुसून टाकल्या, पण ही दोन्ही वाचली. पाठोपाठ बघा. कथा तीच, नट तेच, स्टुडिओ तोच. पहिल्यात डॉक्टर साध्या कोटात आहे आणि नुसताच खवळलेला. दुसऱ्यात त्याचा पोशाख जुन्या काळचा झालाय आणि बोलण्यात मिश्किलपणा आलाय. पहिल्यात त्याची नात आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मलो असं सांगते. दुसऱ्यात म्हणते, दुसऱ्या काळात, दुसऱ्या जगात. नेमका आकडा गेला आणि गूढ वाढलं. या बदलांमध्ये लेखक, दिग्दर्शक, नट सगळ्यांचे हात आहेत. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं, यावर अखेरचा होकार देणाऱ्या खुर्चीत व्हेरिटी लॅम्बर्ट बसल्या होत्या.

नमस्कार.