पिसांचा चेंडू वळणारा ॲलन

श्रोतेहो, नमस्कार.

गोल्फ पाहणाऱ्यांना सेंट अँड्र्यूज हे नाव नवं नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव. तिथे ११ सप्टेंबर १८१५ रोजी ॲलन रॉबर्टसनचा जन्म झाला. गोल्फवर पोट भरणारा पहिला मोठा खेळाडू म्हणून आज त्याचं नाव घेतात. पण ॲलनचं पोट मुख्यतः खेळावर भरत नव्हतं, चेंडूंवर भरत होतं. त्याच्या आजोबांचा आणि वडिलांचाही धंदा हाच. वडील चेंडू बनवायचे आणि साहेबलोकांच्या काठ्या खांद्यावर घेऊन कॅडी म्हणून मैदानभर फिरायचे. ॲलनही तेच करत वाढला.

त्या काळचा चेंडू कसा बनायचा, ते ऐकण्यासारखं आहे. चामड्याचे तुकडे कापून भिजवायचे, उलट्या बाजूने शिवायचे आणि मग पिशवी सुलटी करायची. एक बारीक भोक तेवढं ठेवायचं. त्या भोकातून उकडून मऊ केलेली पिसं ठासायची. उंच टोपी भरेल इतकी पिसं एका मुठीत मावेल अशा चेंडूत जायची! हाताचा जोर संपला की लोखंडी आर छातीशी टेकवून सगळ्या अंगाचा भार द्यायचा. शेवटचे टाके घातले की चेंडू वाळत ठेवायचा. वाळताना चामडं आक्रसायचं, पिसं फुगायची आणि चेंडू दगडासारखा टणक व्हायचा. मग पांढरा रंग. कसलेल्या कारागिराचे दिवसाला तीन-चार चेंडू व्हायचे. साहजिकच चेंडू महाग, आणि पावसात भिजला की टाके उसवून फुटायचाही. १८४४ साली ॲलनच्या घरातून असे २,४५६ चेंडू बाहेर पडले. हे काम चालायचं त्याच्या स्वयंपाकघरात, आणि हाताखाली होता त्याच्याहून सहा वर्षांनी लहान टॉम मॉरिस. हाच पुढे ‘ओल्ड टॉम’ म्हणून जगाला माहीत झाला.

मैदानावर ही गुरुशिष्यांची जोडी जबरदस्त होती. १८४९ साली एडिंबराजवळच्या मसलबरो गावच्या विली आणि जेमी डन या जुळ्या भावांशी त्यांची ४०० पौंडांची पैज लागली. तीन मैदानांवर सामने. जोडीतल्या दोघांनी एकच चेंडू आळीपाळीने मारायचा. मसलबरोला डन बंधूंनी यांचा धुव्वा उडवला, सेंट अँड्र्यूजला यांनी परतफेड केली. निकाल आला नॉर्थ बेरिकवर. चेंडू घालायचे आठ खड्डे, म्हणजे होल, उरले तेव्हा डन चार होल जास्त जिंकून पुढे होते. ॲलनचा हात त्या दिवशी लागतच नव्हता. लाल जाकिटातल्या या बुटक्याला खेळता येत नाही, असंही गर्दीतून कोणी बोललं. तिथून दोघांनी एकेक होल ओढत आणला आणि बरोबरी साधली. शेवटून दुसऱ्या होलवर डन बंधूंचा चेंडू एका मोठ्या दगडाला टेकून थांबला. त्यांनी घाईघाईत त्यावर घाव घातले, आणि तिथेच त्यांचा धीर सुटला. पैज ॲलन आणि टॉमने जिंकली. मला वाटतं, ॲलनची खरी ताकद ही होती. त्याच्या काठ्या हलक्या, फटका सहज. पण समोरचा घाई करू लागला तरी याची चाल बदलायची नाही.

पण याच सुमारास गटापर्चा आला होता. मलायाकडच्या झाडांचा हा चीक. सेंट अँड्र्यूजमध्ये एक गोष्ट सांगतात, की भारतातून एका घरी विष्णूची मूर्ती आली. तिला धक्का लागू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्या घरातल्या रॉबर्ट पॅटरसन या तरुणाने त्यातूनच पहिला चेंडू केला. मूर्तीचं काय ते असो, चेंडू मात्र आला. गरम पाण्यात गोळा मऊ करायचा आणि तळहातांत लाडवासारखा वळायचा, झालं. फुटत नाही, भिजत नाही, किंमत कितीतरी कमी.

ॲलन हादरला. झुडपांत सापडलेले नवे चेंडू विकत घेऊन त्याने जाळले, अशी आठवण लोकांनी नोंदवून ठेवली आहे. टॉम एके दिवशी खेळायला गेला असताना त्याच्याजवळचे पिसांचे चेंडू संपले. जोडीदार कॅम्पबेल यांनी आपला गटापर्चाचा चेंडू दिला आणि टॉम तो मारत परत येत होता. समोरून ॲलन येत होता. तो वाटेत काही बोलला नाही. दुकानात मात्र दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि टॉमने नोकरी सोडली. लोक यात ॲलनचा हट्ट पाहतात. मी त्याला दोष देऊ शकत नाही. तीन पिढ्या छातीवर आर टेकवून जे शिकल्या, ते आता कोणीही घरबसल्या वळू शकत होतं.

पुढे ॲलनने स्वतःच नवा चेंडू विकायला घेतला. टॉम १८५१ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेला, पण मोठ्या सामन्यांना दोघे जोडीने उतरतच राहिले. नव्या चेंडूसाठी ॲलनने लोखंडी काठीने जमिनीलगत चेंडू सरकवत होलजवळ नेण्याची पद्धत बसवली. १५ सप्टेंबर १८५८ रोजी त्याने सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ या मैदानाची फेरी ७९ फटक्यांत पुरी केली. तिथे ८० च्या आत येणारा तो पहिलाच.

पैशाच्या सामन्यात ॲलन कधी हरला नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मात्र मसलबरोच्या तरुण विली पार्कशी एकास एक खेळायचं त्याने टाळलं, हेही सांगायला हवं. १ सप्टेंबर १८५९ रोजी काविळीने ॲलन गेला, वय ४४ ही पुरतं नव्हतं. आता सर्वांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न उघडा पडला. तो सोडवायला १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला आठ जण जमले. तीच पहिली ओपन स्पर्धा, जिला ब्रिटिश ओपन असंही म्हणतात. टॉम मॉरिसने १७६ फटके घेतले, आणि १७४ फटक्यांत बक्षिसाचा पट्टा जिंकून नेला तो विली पार्कने.